वोदाच्या छातीवरचा गेरू

पोयेनित्सा, २१ ऑक्टोबर

वडील साडू आकिमभाऊ यांस,

धाकटा साडू निकोदिम याचा कमरेत वाकून नमस्कार. (याहून खाली वाकण्याची इच्छा आहे, पण कंबर संमती देत नाही.) तुमचा गुडघा कसा आहे? फ्लोरिकाताई त्याला रोज कोबीचं पान बांधतात असं आमच्या सौ. रावेकाकडून कळलं. गुण येवो न येवो, पान रोज ताजं घ्यावं आणि उतरवलेलं पान स्वयंपाकघरात परत जाऊ देऊ नये, ही धाकटेपणाची सूचना. देवदाराच्या सालीत बांधून पाठवलेलं चीज पोचलं. त्यातलं निम्मं मी खाल्लं आणि उरलेलं निम्मं रावेकाने माझ्यापासून लपवून ठेवलं आहे. इकडे सर्व क्षेम. 'सर्व' हा शब्द सवयीने लिहून गेलो आहे. खोडत नाही, कारण कागद चांगला आहे.

आता मुद्द्याकडे वळतो, म्हणजे थोडा मागे जातो. ऑगस्टमधलं सासूबाईंकडचं जेवण तुम्हाला आठवत असेल. त्यांचा म्हातारा मेंढा ओढ्यात पडून मेला होता, अडतीस मेंढ्या धन्याविना होत्या, आणि आपण दोघे जावई आलुबुखाराच्या दारूचा तिसरा पेला संपवून फार कर्तबगार झालो होतो. तुम्ही म्हणालात, माझ्या मेंढवाड्यातला वोदा न्या, नावाप्रमाणेच राजा आहे, असा मेंढा सात गावांत नाही. मी म्हणालो, मी जातीने पारखून आणतो. (पारखलं काय? शिंगं. शिंगांना अडीच वेढे होते आणि मी बुखारेस्टला चार वर्षं संस्कृत शिकलो आहे; एवढ्या दोन प्रमाणांवर सासूबाईंनी विश्वास ठेवला.) मग श्रेय कोणाचं यावर आपण अर्धा तास भांडलो. सासूबाई ताटं उचलून झाल्यावर म्हणाल्या, "श्रेय दोघांचं, बरं. पण यंदा मेंढ्या फळल्या नाहीत तर मी कळप विकून टाकीन, आणि ज्या जावयाच्या चुकीनं नाही फळल्या त्याच्या घरी राहायला येईन. कायमची." आपण दोघेही हसलो. तुम्ही जरा मोठ्याने हसलात, कारण तुमच्या घराला सतरा पायऱ्या आहेत. माझं घर बैठं आहे, आणि जास्तीची खोली एकच. तिच्यात माझी पुस्तकं राहतात आणि त्यांच्या परवानगीने मी.

रिवाजाप्रमाणे गावातले सगळे मेंढे मेंढ्यांपासून दूर, वरच्या कुरणात एकत्र ठेवले होते. तिथे वोदाची आणि सासूबाईंच्या शेजारच्या इरिमियेच्या ब्रुमार नावाच्या मेंढ्याची गट्टी जमली. दोघे एकमेकांच्या मानेवर मान टाकून उभे राहत. मला ते पाहून बरं वाटे. परगावचा मेंढा रुळला, असं मी घरी येऊन सांगितलंसुद्धा. मग चौदा तारखेला मेंढ्यांचं लग्न लागलं, म्हणजे मेंढे आपापल्या कळपांत सोडले. सासूबाईंनी नवा रुमाल बांधला. मी वोदाच्या छातीला गेरू फासला, म्हणजे ज्या मेंढीशी त्याचा संसार होईल तिच्या कमरेवर लाल खूण उमटेल आणि आपल्याला मोजता येईल. जाड भाकरी कळपावर भिरकावली. पालथी पडली तर वाईट, उताणी पडली तर चांगलं, हे तुम्ही जाणताच. ती चिखलात कडेवर उभी रुतली. जमलेले सगळे माझ्याकडे बघू लागले. मी शिकलेला माणूस. मी म्हणालो, हा मध्यम पक्ष आहे. सासूबाई म्हणाल्या, "मास्तर, मध्यम पक्ष फळतो का?"

पहिल्या दिवशी वोदाने गवत खाल्लं. दुसऱ्या दिवशीही गवत खाल्लं. एक मेंढी त्याच्यासमोर येऊन शेपूट हलवत इतकी आर्जवं करत होती की मला नजर वळवावी लागली. त्याने तिच्या डोक्यावरून पलीकडे, इरिमियेच्या कुंपणाकडे पाहिलं आणि एक दीर्घ उसासा टाकला. तिसऱ्या दिवशी इरिमिये ब्रुमारला दोरीने ओढत सासूबाईंच्या दारात आला. त्याने मेंढा नुसता उलटा फिरवला. ब्रुमारची पाठ, कंबर, शेपटीचं मूळ, सगळं लालभडक!

"मास्तर," तो म्हणाला, "तुमचा राजा दुपारी कुंपण उडी मारून येतो. माझ्या मेंढ्यांना हातही लावत नाही. सज्जन आहे."

"तुझा ब्रुमार काय म्हणतो?" सासूबाईंनी विचारलं.

"तो काय म्हणणार? त्याला कामं आहेत. पण मावशी, माझं हसं होतंय गावात."

"तुझं आधीपासूनच होत होतं, इरिमिये. कुंपणाला फळ्या मार."

फळ्या मी मारल्या. (वोदा आता दिवसभर त्या फळ्यांना डोकं धडकवत असतो, आवाज पार चर्चपर्यंत जातो आणि पाद्रीबुवा घंटेची वेळ चुकतात.) त्यानंतर मी जे उपाय केले ते सगळे लिहीत नाही. ओट दिले, कांदे दिले, वाइनमध्ये भिजवलेला पाव दिला. तो पाव खाऊन वोदा माझ्याशी फार प्रेमाने वागू लागला, म्हणून तो उपाय थांबवला. हा मेंढाच आहे ना, अशीही शंका आली. तिचं मी स्वतः गुडघ्यांवर बसून निरसन केलं, आणि नेमकी त्याच वेळी शाळेची सहल रस्त्यावरून गेली. मेंढा आहे, भाऊ. निःसंशय आहे. माझ्या कमरेवर मात्र वोदाचं मत अजून जांभळ्या रंगात आहे. एक लहानशी गोष्ट म्हणजे इरिमियेने याच आठवड्यात फाटकाला निळा रंग दिला, आणि आमच्या मेंढ्या त्याला अंग घासून निळ्या होऊन येतात. लाल खूण शोधताना हा निळा डोळ्यांत खुपतो. त्याबद्दलही मी त्याला चार शब्द सुनावले.

शेवटी तालुक्याहून गुरांच्या डॉक्टर स्मारांदा आल्या. या बाईंनी मेंढ्यांच्या गर्भावरच सात वर्षं अभ्यास केला आहे. त्यांनी वोदाला तपासलं, कुंपणापाशी अर्धा तास उभ्या राहिल्या, आणि हसून म्हणाल्या, "काही बिघडलेलं नाही. दर बारा नरांत एखादा असा असतो. त्याला मेंढेच आवडतात."

मी खुलासा मागितला. त्यांनी जो दिला तो मला जेवढा कळला तेवढा देतो. चुकलं तर दोष माझा, मेंढ्याचा नव्हे. मेंढीचा गर्भ पाच महिने असतो. पाचव्या आठवड्याच्या सुमारास गर्भातल्या नराच्या वृषणांतून एक रस सुटू लागतो. त्याला पुस्तकात संप्रेरक म्हणतात. आधी त्याने शरीर घडतं, म्हणजे ज्याची मी गुडघ्यांवर बसून खात्री केली ते. मग पुढे केव्हातरी त्याच रसाने मेंदूतला एक कण घडतो. मसुरीच्या डाळीहूनही लहान कण! मोठेपणी कोणाच्या मागे जायचं ते त्या कणाकडे असतं. वोदासारख्यांच्या डोक्यात तो लहान राहतो, जवळजवळ मेंढीच्या एवढाच. म्हणजे शिंगं एका वेळी ठरली आणि आवड दुसऱ्या वेळी, आणि दोघांची गाठ पडली नाही. इथपर्यंत मी मान डोलावली.

"मग त्याच्या आईला गाभणपणी हा रस जास्त पाजला असता तर?" मी विचारलं.

"तसे प्रयोग झालेत. तिच्या मुली दांडगट होतात, नरांसारख्या वागतात."

"आणि मुलगे? दुप्पट मर्द?"

"उलट. पुष्कळदा बीज कमी पडतं."

इथे माझी मान डोलायची थांबली. कमी झालं तर हे, आणि जास्त झालं तरी हेच? मी विचारलं, मग वोदाच्या बाबतीत नेमकं काय झालं? त्या म्हणाल्या, ते नक्की ठाऊक नाही. मी प्रश्न तीन प्रकारे फिरवून विचारला. त्यांनी तेच उत्तर तीनदा दिलं, आणि तिसऱ्यांदा तर अभिमानाने दिलं. आमच्या संस्कृतच्या गुरुजींना एखादी गोष्ट ठाऊक नसली की ते खोकत असत. ही नवी विद्या खोकत नाही.

सासूबाई चुलीपाशी बसून ऐकत होत्या. त्यांनी एकच विचारलं, "त्याला काही दुखतं का?"

"नाही आजी. मजेत आहे तो."

"हं," सासूबाई म्हणाल्या, आणि चुलीवरची मक्याची मामालिगा ढवळू लागल्या.

आता, आकिमभाऊ, मी रात्रंदिवस कारणाचा विचार करतो आहे. आमच्या न्यायशास्त्रात एक घडा असतो. घड्याचं कारण माती, कुंभार, चाक. माती वाहून आणणारं गाढव मात्र कारण नव्हे. ते तिथे होतं खरं, पण नसतं तरी चाललं असतं. प्रश्न असा, की या प्रकरणात आपल्यापैकी कुंभार कोण आणि गाढव कोण. मी वोदाला फक्त वाहून आणलं. त्याची आवड तो माझ्या नजरेला पडण्याच्या तीन वर्षं आधी ठरली, त्याच्या आईच्या पोटात. आणि त्याची आई तेव्हा होती तुमच्या मेंढवाड्यात, तुमच्या चाऱ्यावर, तुमच्या देखरेखीखाली. मी आरोप करत नाही. मी आनंदाने स्वतःकडे गाढवपण घेतो. उरलेलं पद कोणाचं, हे ठरवायला तुम्ही सुज्ञ आहात.

हाच युक्तिवाद मी काल सासूबाईंपुढे मांडला. त्यांनी पूर्ण ऐकून घेतला. मग म्हणाल्या, "बाई तर म्हणाली, कुणाचीच चूक नाही."

"शास्त्रीय दृष्ट्या, नाही," मी म्हणालो.

"मग मी कुठे जायचं, मास्तर?"

मी खोकलो.

फ्लोरिकाताईंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, गुडघ्यास आराम पडो.

आपला, मातीवाहक,
निकोदिम

ता. क. — पत्राचं खरं कारण लिहायचं राहिलं. येत्या रविवारी गाडी घेऊन या. वोदाला न्या, आणि परतताना सासूबाईंनाही. पायऱ्यांना कठडा बसवून घेतलात तर सतरा पायऱ्या काही फार नाहीत. डॉक्टर चढायला सांगतातच.

दुसरा ता. क., २५ ऑक्टोबर — रविवारी येऊ नका. पत्र बसवाल्याकडे देणार तोच सासूबाईंनी मला कळपात बोलावलं. म्हणाल्या, "मास्तर, फाटक केवढं उंच आहे?" मी म्हणालो, छातीभर. "आणि मेंढी कमरेच्या वरच्या बाजूनं कशी घासते?" मी जवळ जाऊन पाहिलं. निळ्या खुणा सगळ्या एकाच जागी, अगदी शेपटीच्या वर. मग आठवलं, की इरिमियेने ब्रुमारच्या छातीला नीळ लावली होती. फाटकाला रंग दिला तो उरलेल्या निळीचा! झालं होतं ते असं. अक्रोडाच्या मागे, जिथे काटेरी झुडपं आहेत, तिथे वोदाने डोकं आपटून आपटून दोन फळ्या पाडल्या होत्या, ब्रुमारकडे जायला. त्या भगदाडातून ब्रुमार इकडे आला. पण वोदाकडे ढुंकूनही न बघता तो थेट अडतीस मेंढ्यांत शिरला. एकवीस निळ्या झाल्या आहेत, उरलेल्या रांगेत आहेत. वोदा भगदाडापाशी उभा राहून तो कधी मोकळा होतो याची वाट बघतो. ब्रुमार दमून आला की दोघे मानेवर मान टाकून उभे राहतात. कोकरं येणार, भाऊ, आणि तीही वोदाच्याच खटपटीने! घड्याचा हा कुंभार माझ्या शास्त्रात बसत नाही. सासूबाई म्हणाल्या, "फळ्या मारू नका. आणि वोदा कुठेही जाणार नाही. कामाचा आहे." इरिमियेला त्यांनी वसंतात दोन कोकरं कबूल केली आहेत. कळप राहिला, म्हणजे सासूबाई स्वतःच्याच घरी राहिल्या.

तिसरा ता. क. — हे फ्लोरिकाताईंना वाचून दाखवू नका, त्या लगेच रावेकाला सांगतील. चूक माझी ठरणार असं धरून मी गेल्या सोमवारीच पुस्तकं ओसरीत हलवली, खोलीला चुना दिला आणि सासूबाईंसाठी खाट करवून घेतली. चूल जवळ पडावी म्हणून स्वयंपाकघराच्या भिंतीत दारही काढलं. काल त्यांना सहज म्हटलं, कळप असला तरी थंडीपुरतं यायला हरकत काय? त्या म्हणाल्या, "आणि वोदाला कोण बघणार?" खोली आता रिकामी दिसते. पुस्तकं आत न्यावीत असं काही मनात येत नाही. काय हवं होतं तेच मला कळेनासं झालं आहे. तेव्हा नाताळला तुम्ही चार दिवस येऊन राहा. खाट सासूबाईंच्या मापाची आहे. तुमचे पाय बाहेर येतील, पण गुडघा आत राहील.