आखाजीला जायची गाडी

अण्णा, मी पेट्रोलची गाडी घेतली. आधी हेच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुम्ही शांतपणे ऐकाल. लिंबायतच्या मागांवरचे कापडाचे ताके मिलपर्यंत पोचवण्यात तुमचा जन्म डिझेलच्या टेम्पोवर गेला आणि "पेट्रोल हौसेचं, डिझेल संसाराचं" हे तुम्ही आम्हाला पाढ्यांसारखं शिकवलंत. एकदा गावाला जाताना मी मामाच्या पेट्रोल गाडीचं कौतुक केलं, तर नवापूर येईपर्यंत तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत!

अक्षय्यतृतीया, आपली आखाजी, आली की तोच टेम्पो धुऊन निघायचा. मागे सतरंजीवर गल्लीतल्या सासुरवाशिणी, माहेरी निघालेल्या, आणि मी पुढे तुमच्याजवळ. चढ लागतो, गाडी खच्चून भरलेली, मागे बायका आखाजीची गाणी म्हणतायत, आणि तुम्ही गिअर खाली आणून डॅशबोर्डवर थाप मारता, "दख, कशी वढस!" प्रत्येकीला तिच्या माहेरच्या दारात उतरवून मगच आपण आपल्या गावच्या घरी. त्या दिवशी तुमच्या चेहऱ्यावर जो रुबाब असायचा, तो मला फार आवडायचा.

म्हणून मीही डिझेलच घेणार होते. गॅरेजवाल्या भाईंनी विचारलं, "बेन, रोज केटली चाले?" रोज किती चालणार? घर कोसाडला, माझी शाळा कतारगामला, रविवारी आईकडे लिंबायतला, सगळं शहरातल्या शहरात. त्यांनी मान हलवली. "तो डिझल ना लेता." आताच्या डिझेल गाडीत काजळी धरणारी जाळी असते म्हणे. लांबच्या रस्त्यावर गाडी चांगली तापली की ती काजळी जळून जाते, शहरातल्या शहरात फिरत राहिलं तर जाळी तुंबते. मला पटलं, पण मन मानेना. डिझेल सोडायचं म्हणजे आपण आता गावाला जात नाही, हे स्वतःच्या तोंडाने कबूल करायचं. तुमचं गाव माझ्याच हातून सुटतंय असं वाटून तिथेच डोळे भरून आले.

संध्याकाळी आईपुढे बसून, आखाजीला गावाला जायला डिझेलच कसं बरं, ते तिला समजावू लागले. ती कैऱ्या चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "आखाजीले तू येस ती मना घर. लिंबायतले येवाले डिझल कसाले लागस?"  खरंच की! तुम्ही गेल्यापासून मी सणाला तिच्याकडेच जाते आणि तरी माहेर म्हटलं की तोंडात गावाचं नाव.

यंदाच्या आखाजीला नव्या गाडीतून माहेरी गेले. आईने खापरावरची पुरणपोळी आणि आंब्याचा रस केला होता. वाट्यांवर वाट्या रस प्यायले आणि दुपारी तिच्या पलंगावर ढाराढूर झोपले. शेजारी माग खडखडत होते, तरी अशी झोप मला कोसाडला कधी लागत नाही. फार सुख वाटलं, अण्णा. हा कागद कुठे पाठवायचा नाही म्हणून लिहिते. तुमच्या गावाची मला आठवण येत नाही. मला लिंबायतची येते.