सातव्या प्रकरणातले बदल

१२ ऑक्टोबर

ती. बाबा,

नमस्कार. गुडघा कसा आहे? सांगितलेला व्यायाम करताय, की आईला दाखवण्यापुरता पाय हलवताय? इकडे सगळं ठीक. कॉलेज, वर्ग, पेपर, मीटिंगा, तेच.

आई फोनवर म्हणाली, "रोज दोनदा विचारतात, पुस्तकाची मुद्रितं तिने परत पाठवली का? पोस्टमन आता आमच्या दारावरून पाय न वाजवता जातो." महिना झाला, मला माहीत आहे. "तुला काय, स्वल्पविराम तर बघायचेत," म्हणून तुमच्या संगीताच्या पाठ्यपुस्तकाच्या नव्या आवृत्तीची मुद्रितं तुम्ही माझ्याकडे दिलीत.

स्वल्पविराम बघितले. मग सातवं प्रकरण आलं. चाल ठोक्यावर संपली तर शेवट पुरुषी, ठोका ओलांडून हळूच विरली तर बायकी, म्हणजे कच्चा. वर्गात एकीने विचारलं, "मॅडम, मग बायकी शेवटाला मार्क कमी का?" मी म्हणाले, "पुस्तकात तसं आहे." पोरं हसली. मला हसू येईना.

मग परदेशातून आलेली एक विद्यार्थिनी तिच्या आईची अंगाई गायली. मी पियानोवर तिचा सूर शोधत होते आणि तो दोन पट्ट्यांच्या मधे होता. म्हणाले, "जरा खाली घे." तिने घेतला. इतक्या पटकन घेतला की मी पियानोचं झाकण लावलं. तिच्याकडचं संगीत तुमच्या पुस्तकात शेवटच्या साडेतीन पानांत आहे, 'इतर' म्हणून. अख्ख्या जगाला साडेतीन पानं, बाबा!

तेव्हापासून धड बसवत नाही. पेन उचलते, ठेवते, खिडकी उघडते, लावते. शेवटी 'पुरुषी' आणि 'बायकी' हे दोन शब्द काढले. 'इतर' फोडून सगळ्या प्रकरणांत घातलं. उदाहरणांत एकाही बाईची चाल नव्हती, आता आहेत.

मुद्रितं काल छापखान्यात दिली. तुम्हाला न दाखवता. एवढं सांगायला आधी तुमचा गुडघा मधे आणला.

विचारायला हवं होतं, कबूल. पण तुम्ही "जरा खाली घे" म्हणाला असता आणि मी घेतलं असतं. चाळिशी उलटली तरी घेतलं असतं.

मुखपृष्ठ थांबवून ठेवलंय. त्यावर तुमचं नाव राहावं असं मला वाटतं, फार वाटतं. काढ म्हणालात तर काढीन, आतली पानं मात्र बदलणार नाही. आईकडून निरोप नको. ओरडायचं असेल तरी स्वतः फोन करा.

तुमच्याच पुस्तकावर वाढलेली
आणि आज तुमच्या आवाजाची धास्ती घेऊन बसलेली,
तुमची मुलगी