गिला वडा मऊच असतो

२१ नोव्हेंबर

अपेक्षाला मऊ खिचडी झेपली! फोटो आला. स्टीलची वाटी, वर तुपाचा ठिपका, खाली लिहिलेलं — ‘मस्त जमली ताई.’

आणि मी? काल दुसऱ्याच चमच्याला उलटी झाली, तर डाएटवाल्या मॅडमनी मला परत गाळलेल्या वरणावर आणून बसवलं. दोघी बहिणींचं ऑपरेशन एकाच दिवशी, एकाच डॉक्टरकडे. वजन उतरवायला दोघींचं पोट कापून सारखंच लहान केलं. ती अकोल्याला आपल्या घरी गेली, मी इथं अमरावतीत. मग ही माझ्या पुढं कशी गेली?

२४ नोव्हेंबर

मलाही मऊ खायची परवानगी! मॅडमचा नियम सोपा आहे — जिभेनं टाळूला दाबलं की जे विरतं, तेच मऊ. दुधी शिजवून कुस्करला. पनीर चुरून पाहिलं, ते रबरासारखं लागलं. शेवटी ज्वारीच्या कण्या ताकात गरगट शिजवल्या. काय गोड लागल्या! पण तीन चमच्यांत पोट म्हणे, बस.

उरलेल्या कण्या यांनी संपवल्या. वरून माझ्यासमोरच ठेचा-भाकर खाल्ली. नवरा आहे की वैरी!

त्याआधी अपेक्षाला फोटो पाठवायला वाटी पुन्हा काठोकाठ भरली होती. तिला काय कळते.

२६ नोव्हेंबर

आईचा चांदूर रेल्वेहून फोन. अकोल्याला जाऊन अपेक्षाला पाहून आली म्हणे. भल्ली उतरली पोरगी, गाल बसले, ओळखू येत नाही. मग मला विचारते, तुझं कुठवर आलं?

माझं कुठवर! लहानपणी आम्ही दोघी एका ताटात जेवायचो. आई मधोमध भाताची आडवी रेघ घालायची. अपेक्षा आपल्या बाजूचं संपवून रेघ मोडून माझ्याकडं घुसायची, आणि मी ओरडले की आई म्हणायची, लहान आहे, खाऊ दे. तेव्हा जास्त खाऊन तीच लाडकी. आता कमी खाऊन पुन्हा तीच!

संध्याकाळी तिला फोन केला. हो, नाही, ठेवते ताई. संपलं. आवाजसुद्धा नीट काढत नाही. एवढा तोरा? चार किलो काय कमी झाले, बहिणीशी बोलायला बाईसाहेबांना वेळ नाही.

२८ नोव्हेंबर

आज तिचा पपईचा फोटो. कशी कापलेली! प्रत्येक फोड सारखी. माझी पपई कुस्करली की वाटीत काय ते पाहवत नाही.

जळते मी. इथं कोण वाचतंय? जळते.

३० नोव्हेंबर

यांनी येताना गिला वडा आणला. स्वतःसाठी. डबा उघडला आणि घरभर वास.

मी विचार केला — हा मऊच की! पाण्यात भिजवलेला, दह्यात बुडवलेला, दाताला कामच नाही. आत डाळ, वर दही. दोन्ही मॅडमच्या कागदावर आहेत. अमरावतीच्या माणसाला गिला वडा मऊ नाही असं कोण सांगेल? तळलेला असतो, ते मात्र मी सोयीनं विसरले. हे हात धुवायला गेले तेवढ्यात अर्धा खाल्ला. अहाहा! महिन्याभरानं जिभेला तिखट लागलं, डोळ्यांत पाणी आलं.

लगेच उरलेल्या अर्ध्याचा फोटो काढून अपेक्षाला पाठवला. ‘अर्धा खाल्ला. आरामात पचला.’ पचायला अजून वेळ होता, पण मला दम कुठला!

मेसेज गेला आणि छातीत खुंटी ठोकल्यासारखं झालं. आत जाईना, बाहेर येईना. घाम फुटला. मोरीत बसून सगळा वडा काढला. हे पाठीवर हात फिरवत विचारून राहिले, काहून खाल्ला वं? मी काय सांगू, बहिणीला दाखवायला खाल्ला म्हणून?

मेसेज पुसला नाही. तिनं वाचला, निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

बरं झालं. आता तिलाही जळू दे.

१ डिसेंबर

उत्तर नाही. वाटीचा फोटोही नाही. जिंकले!

३ डिसेंबर

अकोला. दवाखाना.

सकाळीच श्यामरावांचा, तिच्या नवऱ्याचा, फोन आला. अपेक्षा चक्कर येऊन पडली होती. पोटात घोटभर पाणीही टिकत नव्हतं, आणि तिनं कोणालाच सांगितलं नाही. खिचडी, पपई — फोटो काढायची आणि पोरांना खाऊ घालायची. पोटात अन्न उतरायची वाटच आवळली होती. डॉक्टरांनी दुर्बिणीनं मोकळी केली. आता चमचा चमचा वरणाचं पाणी द्या म्हणतात, तर ही तोंडच उघडत नाही. कोणाचंच ऐकत नाही.

मी वाटी घेऊन जवळ बसले. एवढासा चेहरा झालाय. मला म्हणाली,

“ताई, खरं सांग. तुले वडा पचला?”

“नाही वं. सगळा मोरीत गेला.”

ती उशीवर जरा वर सरकली. मग म्हणाली, “दे मंग ते वरण.”