वरच्या पट्टीतलं हिरवं चिन्ह

म्हसवड,
९ फेब्रुवारी २०२५

चि. अमृत यास ताईचे आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. बेंगळुरूला तूही ठीकच असशील. वर्षभरात काही कळवलं नाहीस, म्हणून अंदाजानं लिहितेय.

मी तुझ्यावर वैतागलेय, ते आधी लिहून टाकते. जाताना तू संगणकात ते ॲप बसवून गेलास, पडद्याच्या वरच्या पट्टीतलं हिरवं चिन्ह. आबांच्या घोंगड्यांचं इंटरनेटवरचं पान त्या नव्या तऱ्हेच्या नावावर टाकलंस आणि म्हणालास, हे नाव कुठल्याच कंपनीच्या ताब्यात नाही, कुणी हिसकावून घेऊ शकणार नाही. अरे, हिसकावायला आधी कुणाला सापडायला तर हवं.

माझ्यासमोर रोज उघडायचं, म्हणून मला वाटलं सगळ्यांना दिसतंय. अठरा घोंगड्यांच्या कोपऱ्यात मी पांढऱ्या दोऱ्यानं त्या पानाचा पत्ता भरला. पाचगणीच्या एका हॉटेलवाल्या बाईंना कळवला, तर त्या म्हणाल्या असं पानच नाही. मी त्यांच्याशी भांडले. शेवटी कॉलेजात संगणक शिकवणाऱ्या उत्कर्षानं ते हिरवं चिन्ह बंद करून दाखवलं आणि पान गायब झालं. ज्याच्या संगणकात हे ॲप, त्यालाच ते नाव सापडणार. एवढं सांगून जायला तुला काय झालं होतं? अठराही कोपरे उसवले मी. बोटं अजून दुखतात.

ॲप मात्र काढलं नाही, आबांमुळे. “घोंगडं विकायला यंत्र लागत न्हाई,” म्हणून तुला घराबाहेर काढणारे आबा आता रोज चहा झाला की ते पान उघडायला लावतात. त्यात मागावर बसलेला तुझा फोटो आहे. बराच वेळ बघतात आणि विचारतात, “समद्या जगाला दिसतंय न्हवं? मग कुनाचा फोन कसा न्हाई?”

मला खरं सांगवेना. सांगलीच्या माझ्या मैत्रिणीला, राजेश्वरीला, मी गिऱ्हाईक बनून फोन करायला लावला. तिनं एक घोंगडं मागितलं आणि आबा त्याच दिवशी मागावर बसले.

आता लिहितेच. दिवाळीत त्यांना अर्धांगाचा झटका आला. डावा हात नीट वळत नाही. तुला कळवायचं नाही, अशी शपथ घातली होती मला. सुताला चिंचोक्याची खळ मी लावली, पण मागावरच्या धोट्याला त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. सव्वा महिना लागला.

काल म्हणाले, गिऱ्हाइकाचा पत्ता सांग. मला दुसरा सुचलाच नाही, तुझाच बेंगळुरूचा सांगितला. त्यांनी घोंगड्यावरून उजवा हात फिरवला. मग म्हणाले, “तिकडं थंडी असंल. बरं झालं, जाड विनलंय.”

उद्या पार्सलची गाठ ते स्वतः मारणार आहेत. त्याआधी हे पत्र घडीत सरकवीन. घोंगड्याचा एक काठ वाकडा आलाय, त्याला नावं ठेवू नकोस. कोपऱ्यात पानाचा तो पत्ता मी मुद्दाम भरलाय. तुझ्याकडे तरी तो उघडतो.

मिळालं की आबांना फोन कर. गिऱ्हाईक म्हणून नको.

खोटं बोलून दमलेली,
तुझी अपेक्षाताई