गट २१४ चा पोटखराबा आणि अकरा घरे

मी, प्रभावती भिकाजी टेमघरे, वय वर्षे ६८, निवृत्त बालवाडी शिक्षिका, राहणार उंबरवाडी, कोळवण खोरे, तालुका मुळशी, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणाच्या दाबाखाली लिहीत नाही. दाब टाकायला माणसे आली होती, त्यांच्याबद्दल शेवटी लिहिले आहे.

१. राहते घर, भांडीकुंडी आणि पोस्टातले पुस्तक माझी मुलगी कल्पना हिला. ती महाळुंग्याला चौथ्या मजल्यावर राहते, तिथे पाटा-वरवंट्याला जागा नाही हे मला ठाऊक आहे. तरी तिनेच न्यावा.

२. माळ्यावर चौदा कोयते आहेत. ते माझे नाहीत. राबासाठी माझ्या रानातल्या उतारावर फांद्या तोडताना ज्याला ज्याला पकडले, त्याचा कोयता मी काढून घेतला. रोपाच्या जागेवर फांद्या-पाला भाजल्याशिवाय या खोऱ्यात भाताचे रोप धड येत नाही, हे मलाही कळत होते. पण मी कोणाचे ऐकले नाही. दांड्यांवर नावे लिहिली आहेत, ज्याचे त्याला परत द्यावेत. वाडीतल्या भिवाजीचे तीन आहेत. त्याला लाज नव्हती आणि मला दया नव्हती.

३. माझ्या सरणाला उतारावरचे एकही लाकूड वापरू नये. कोळवणच्या वखारीतून आणावे. म्हातारी मेल्यावरही राखण करते, असे लोक म्हणतील. म्हणू द्या.

४. आता उतार. १९६८ साली वाटणी झाली तेव्हा धाकटे दीर जयसिंग, सासूबाईंचे लाडके, यांनी ओढ्याकाठची भातखाचरे आणि वरचा डोंगरमाळ घेतला. आमच्या पदरात गट नंबर २१४ पडला, एक हेक्टर दहा आर, सातबाऱ्यावर सगळा पोटखराबा, म्हणजे सरकारच्या लेखी काही न पिकणारी जमीन. भाऊजी हसून म्हणाले होते, "वैनी, तितं माकडं पाळा." माकडे आलीच, पण ऐन, हिरडा, जांभूळही वाढले, आणि होळीला आटणारा पायथ्याचा झरा वैशाखातही वाहू लागला. यजमान १९७९ साली गेले, तेव्हापासून राखण एकटीने केली. गेल्या वर्षी अख्खा जून कोरडा गेला, शेजारच्या वाड्यांत टँकर फिरला. आमच्या वाडीची अकरा घरे झऱ्यावर निभावली.

पाऊस पूर्वीचा राहिला नाही. येत नाही तेव्हा येतच नाही, आणि येतो तेव्हा पंधरवड्याचा एका दिवसात ओततो. भाऊजींनी वरचा माळ शहरातल्या एका साहेबाला फार्महाऊससाठी विकला. साहेबाने जेसीबी लावून कडा कापला, आणि २००५ च्या जुलैत तो कडा खाली आला. जिथे झाडे नव्हती तिथून मुरूम सरळ भातात उतरला. दोन घरांची खाचरे अजून गाडलेली आहेत. माझ्या उताराखाली ढेकूळही आले नाही. मी दारोदार सांगत फिरले की बघा, झाडांनी धरून ठेवले. कोणी कौतुक केले नाही. का करतील? चाळीस वर्षे मी त्यांना फांदीला हात लावू दिला नाही, मग ते रान त्यांचे कधी होणार? वरून डोंगर विकला जात होता आणि मी खाली कोयते गोळा करत होते. ही चूक माझी आहे आणि ती आता निस्तरता येत नाही.

५. म्हणून गट २१४ मी या अकरा घरांना समाईक व समान हिश्शाने देत आहे. अकरा सह्या झाल्याशिवाय त्यातला एक गुंठाही विकू नये. वकील म्हणाले, "बाई, ही अट कोर्टात टिकणार नाही." म्हटले, वाडीत टिकली तरी पुष्कळ. हातपंप कोणाच्या दाराशी बसवायचा यावर ही घरे नऊ वर्षे भांडली. पंप गंजून गेला. आशालता आणि हेमलता या सख्ख्या जावा १९९१ पासून एकमेकींशी बोलत नाहीत. अकरा सह्या या जन्मात होत नाहीत, असा माझा हिशेब होता.

६. वरचे कलम कच्च्या खर्ड्यात लिहून झाले, आणि गेल्या रविवारी अकराही घरे माझ्या ओट्यावर आली. आशालता आणि हेमलता एका चटईवर बसल्या.

आशालता म्हणाली, "काकू, वरचा सायेब तुमचा उतार बी घ्यायला तयार हाय. तुमी इका, न्हाईतर आमच्या नावावर करा, आमी इकतो. पोरास्नी हिंजवडीकडं येक खोली तरी व्हईल."

"आणि पाणी?"

"टँकर येतोय की समद्यास्नी."

"आशा खरं बोलतीया," हेमलता म्हणाली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा तिने जावेचे नाव घेतले.

गाव करील ते राव काय करील, म्हणतात. मी चहा केला. सगळे पिऊन गेले.

वकिलांनी विचारले, कलम पाच खोडू का? दोन दिवस विचार केला. पंचायतीला द्यावे तर सरपंचच जमिनीची दलाली करतो. कल्पनाला द्यावे तर जावई महिन्याभरात विकतील; तिने तसे तोंडावर सांगितले, तिचा राग नाही.

कलम पाच खोडू नये. ही माणसे उतार विकणार, हे मी पूर्ण शुद्धीवर लिहीत आहे. पण खोडून तिथे कोणाचे नाव घालू? त्या झऱ्यावर हंडा घेऊन जाणारी तीच आहेत.

सही: प्रभावती भिकाजी टेमघरे

साक्षीदार, दोघेही उंबरवाडीबाहेरचे; यांनी माझ्यादेखत सह्या केल्या:
१) एकनाथ रामभाऊ फाले, राहणार कोळवण
२) वृषाली प्रमोद साठे, राहणार नांदे

स्थळ: उंबरवाडी, तालुका मुळशी
दिनांक: १२ मे २०१०