शंभर टक्के खनिज

५ ऑक्टोबर १९८२
संप चालूच. बायको, मालन, दादरच्या ब्युटी पार्लरमध्ये कामाला लागल्यापासून घरात स्नोचा वास. डोकं उठतं. वाचनालयात मासिक चाळलं. कंपनीच्या स्नो-पावडरीत मेण, तेल, अत्तर आणि डांबरापासून काढलेले रंग! डांबरी रंग मला कोण शिकवणार? गिरणीच्या रंगखात्यात आयुष्य गेलं. ते कापडाला लावायचे, बायकांच्या तोंडाला नव्हे.
निश्चय: शुद्ध खनिज पावडर स्वतः बनवायची. दिवाळीपर्यंत पार्लरला कुलूप.

७ ऑक्टोबर
जस्ताची पांढरी भुकटी, अभ्रक, गेरू, पिवडी आणली. तेल नाही, वास नाही, नासत नाही, कातडीची भोकं बुजत नाहीत, मुरमं येत नाहीत. मालनला सगळं समजावलं. ती म्हणाली, "घोटायला माझा खल घेऊ नका."
शेजारचा रामदास म्हणतो, पिवडी भिंतीला लावतात. रामदास मूर्ख आहे.

११ ऑक्टोबर
पावडर लावून युनियनच्या सभेला गेलो. कोणी काही बोललं नाही, म्हणजे अगदी नैसर्गिक दिसते. एकाने ताप आहे का विचारलं. तो मालकांचा माणूस असणार.

१६ ऑक्टोबर, सकाळ
संधी! खालच्या मजल्यावरच्या पुतळाबाईंच्या चंपाला उद्या शिवडीची माणसं बघायला येणार. मुलगा गोदीत कायम. बाप संपावर म्हणून आधीची दोन स्थळं मोडली, त्यामुळे पुतळाबाई काळजीत. मालन तिला नटवणार होती. मी म्हणालो, मी नटवतो. पुतळाबाई नाही म्हणत होत्या. चंपाच म्हणाली, "करू दे गो काकांना. घरात बसून वेडे होतील." पोरगी गुणी आहे. कौतुक असं आडून करते.

१७ ऑक्टोबर, संध्याकाळ
तेज यावं म्हणून पिवडी जरा सढळ हाताने घातली. खिडकीपाशी चंपा सोन्यासारखी दिसत होती. मग कोणीतरी ट्यूबलाइट लावली. कोणी लावायला सांगितली होती?
मुलाची आई नवऱ्याला म्हणाली, "पोरीला कावीळ आहे." पोह्यांच्या बश्या खाली ठेवल्या गेल्या. पुतळाबाई माझ्यावर ओरडल्या, "मेल्या, माझ्या चेडवाक कावीळ लावलंस!" चंपाचे डोळे भरले.
तेवढ्यात मालन पार्लरमधून आली. चंपाला मोरीत नेलं, कोल्डक्रीमने तोंड पुसलं, तशीच कोऱ्या तोंडाने बाहेर आणून बसवली. म्हणाली, "कावीळ नाय हो. आमचे मिस्टर संपावर आहेत." मुलगा हसला. म्हणाला, त्याचा भाऊही संपावर आहे, त्याने घरात कोंबड्या आणल्यात. मग चंपाही हसली. जमलं!
निष्कर्ष: घामाने पावडर तसूभरही हलली नाही. कोल्डक्रीम लावून खरवडावी लागली. कंपनीची टिकली असती? प्रयोग यशस्वी.

२० ऑक्टोबर
माझ्या तोंडावर पुरळ. हवेचा दोष. मालन कोल्डक्रीम घेऊन आली. नको म्हणालो. तिने लावली.

२ मे १९८३
गिरणीचं एक गेट उघडलं म्हणून कामावर हजर व्हायला गेलो. माणसं भरणारा जॉबर म्हणाला, रंगखातं आता चालवणार नाहीत, जुन्यांनी येऊ नये. माझी भीती वाटते त्यांना. उद्या परत जाईन.

९ मे
गेलो नाही. ऊन फार.

२२ मे
चंपाचं लग्न. मेकअप मालनने केला. सगळा कंपनीचा. खोलीत आरसा टांगायला खिळा नव्हता. मालन म्हणाली, तुम्ही धरा. धरला.
मुलाच्या मावशीने विचारलं, हे कोण? चंपा म्हणाली, "मालनकाकींचे मिस्टर." पुढे गिरणीचं नाव सांगेल म्हणून थांबलो. मावशी साडी सावरायला लागली.
मालन म्हणाली, "हात हलत नाही हो तुमचा."
मेकअप होईपर्यंत धरून होतो.