समोर दार नसलेला किल्ला

बाबा,
म्हशाच्या जत्रेत आपल्या फोटोच्या तंबूत लावायचा तो पडदा आज उन्हात पसरलाय. तुम्ही कॅलेंडरवरून उतरवलेलं जर्मनीतलं गाव: लाल कौलं, मधून नदी, वर टेकडीवर दोन जुने किल्ले. चित्रात किल्ल्यांचा पायथा तारखांखाली गेला होता, म्हणून तुम्ही दार काढलंच नाही. मी विचारलं तर म्हणालात, "दार समोरून दिसलं तर तो किल्ला कसला रे? आपला माहुली बघ. वळसा घालून जावं लागतं." जर्मनीवाल्यांना हे कोण सांगणार!

कॉलेजात जिच्यावर माझा जीव जडला, तिच्या घरच्यांनी तिचं कॉलेज बंद केलं, त्याच आठवड्यात मीही सोडलं आणि तुमचे ब्रश धुवायला लागलो. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. पण त्या वर्षीच्या जत्रेत ती आईबरोबर तंबूत आली, स्थळाला दाखवायचा फोटो काढायला, आणि माझं डोकं फिरलं. "काकी, हा फोटो निघनार नाय—" एवढंच तोंडातून गेलं.

"गप. पानी आन," तुम्ही म्हणालात.

तांब्या घेऊन येतो तर तुम्ही खडखडीत वाळलेल्या किल्ल्यावर नवा रंग फासताय. "वयनी, पडदा ओला हाय. पोरीच्या साडीला डाग लागंल."

"आवो, आता तर लोकं फोटो काढून गेली!"

"त्यांनीच तर रंग पुसून नेला. तुमी घरी जा, मीच येतो फोटो काढायला चार दिवसांनी."

चार दिवसांनी गेलात, पण कॅमेरा खुंटीलाच होता. मला वाटलं, विसरलात. संध्याकाळी परत आलात, पायरीवर बसून चपला झटकल्यात. "तिचे घरचे म्हनतात, पोरगा तापट हाय. मी म्हनलो, हाय."

"मग?"

"मग काय? त्यांच्या पोरीनं आतून सांगितलं, तिला ठावं हाय. ब्रश धू."

आज तिनंच पडद्याचं दुसरं टोक धरलंय. तापट मी अजून आहेच, तंबूही जोरात चालतो. सासूबाई मात्र अजून सांगतात, त्या दिवशी रंग ओला होता म्हणून पोरीची साडी वाचली. मी मान डोलावतो.

हा कागद पोस्टात जाणार नाही, पडद्याबरोबर बांबूवर गुंडाळून ठेवतो. आणि खरं सांगू? तुमच्यामागं दोनदा ब्रश घेऊन त्या किल्ल्याला समोर दार काढायला बसलो. दोन्ही वेळा तिथं झाड काढून उठलो.